‘तिप्पट जास्त’ म्हणजे ३६ की ४८?

विचारलेला प्रश्न असा : ‘रमाकडे १२ आंबे आहेत. सलमाकडे रमापेक्षा तिप्पट जास्त आंबे आहेत. तर सलमाकडे किती?’ चौथीतल्या मुलीने ४८ लिहिलं, उत्तरसूचीत ३६ आहे. भाषेच्या दृष्टीने बरोबर कोण?

वाक्याची घडण मुलीच्या बाजूने आहे आणि बोलण्यातली रूढी उत्तरसूचीच्या बाजूने. चूक प्रश्नाची आहे. अशा प्रश्नाला दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत आणि पुढच्या वेळी वाक्य बदलावं.

मराठीत दोन संख्यांची तुलना दोन रीतींनी होते. एक पटीची : ‘रमाच्या आंब्यांच्या तिप्पट’. इथे षष्ठी लागते, ‘च्या’. दुसरी फरकाची : ‘रमापेक्षा २४ ने जास्त’. इथे ‘पेक्षा’ लागतं, आणि फरकाच्या आकड्याला बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’. ‘च्या… पट’ ही एक जोडी, ‘पेक्षा… ने जास्त’ ही दुसरी. प्रश्न काढणाऱ्याने पहिल्या जोडीतला ‘तिप्पट’ उचलून दुसऱ्या जोडीत बसवला. मग ‘जास्त’ म्हटल्यावर ‘किती जास्त?’ हे ओघाने आलंच. उत्तर मिळतं ‘तिप्पट’, म्हणजे १२ च्या तिप्पट, म्हणजे ३६ जास्त. १२ अधिक ३६, ४८. मुलीने वाक्य जसं आहे तसं वाचलं.

बोलताना मात्र बहुतेक जण ‘जास्त’ला आकड्यात धरत नाहीत. तो फक्त दिशा दाखवतो आणि हिशेब ‘तिप्पट’वर होतो : ३६. ही रूढी इतकी पक्की आहे की तिला सरळ चूक म्हणता येणार नाही. पण ती कुठे मोडते ते पाहायचं असेल तर आकडा लहान करत जावा. ‘दुप्पट जास्त’ म्हणजे २४ असेल, तर त्याच न्यायाने ‘एकपट जास्त’ म्हणजे १२, अर्थात मुळीच जास्त नाही. आणि ‘निमपट जास्त’ म्हणजे ६, म्हणजे चक्क कमी! उलट ‘निम्म्याने जास्त’ म्हटलं की सगळे १८ सांगतात. ‘ने’ आला की फरक मोजायचा, हे कानाला ठाऊक असतं.

‘दीडपट’ या शब्दाने तर हा प्रश्न पैशांचा होतो. केंद्राच्या २०१८-१९च्या अर्थसंकल्पापासून ‘उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. खर्च क्विंटलला २००० रुपये धरला, तर दीडपट म्हणजे ३०००, म्हणजेच खर्चापेक्षा ५० टक्क्यांनी जास्त. हेच कोणी ‘खर्चापेक्षा दीडपट जास्त’ असं म्हटलं, तर शब्दशः २००० अधिक ३०००, म्हणजे ५००० होतात. (खर्च कोणता धरायचा, घरच्यांच्या श्रमापर्यंतचा की जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही मिळवून, हा वाद वेगळा. पण तिथेही भांडण एका शब्दाच्या व्याप्तीचंच आहे.) जुन्या देवघेवीत ही अडचण नव्हती. सवाईने चार पायल्या धान्य नेलं तर पाच परत, दिढीने नेलं तर सहा. सवाई आणि दिढी या शब्दांत मुद्दल धरलेलंच असे. ‘पट’ही तसाच आहे : त्यात मूळ संख्या आधीच मोजलेली असते. म्हणून त्याच्यापुढे ‘जास्त’ लावायची गरजच नाही.

‘दुपटीने वाढ’ हे याचंच भावंड आणि जास्त फसवं. ‘भाडं ५०० रुपयांनी वाढलं’ यातला ‘नी’ माप सांगतो. ‘भाडं झपाट्याने वाढलं’ यातला ‘ने’ रीत सांगतो. ‘भाडं दुपटीने वाढलं’ यातला कोणता? माप धरलं तर ८००० चं भाडं २४,००० झालं; रीत धरली तर १६,०००. शंभरातले नव्वद वाचक १६,००० समजतील, पण करारात किंवा प्रश्नपत्रिकेत उरलेल्या दहांचाही विचार करावा लागतो. तिथे ‘दुप्पट झालं’ लिहावं. ‘झालं’ शेवटचा आकडा सांगतो, ‘ने वाढलं’ फरक सांगतो. एवढं पाळलं तरी निम्मे घोळ मिटतात.

टक्क्यांतही हाच ‘नी’ आहे. १०० टक्क्यांनी वाढ म्हणजे दुप्पट, २०० टक्क्यांनी वाढ म्हणजे तिप्पट. इथे फरकाचा अर्थ पक्का आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण टक्क्याचीच वाढ टक्क्यात सांगायची वेळ आली की पुन्हा गाडी अडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ६.५० वरून ६.२५ टक्के केला. त्याला ‘पाव टक्क्याने कपात’ म्हणतात. हा पाव टक्का ६.५० चा नव्हे, तो सरळ दरातून वजा होतो. ६.५० च्या तुलनेत ती घट सुमारे ३.८५ टक्के भरते. दोन्ही विधानं खरी, म्हणून ‘पाव टक्केबिंदू’ म्हणणं चांगलं; टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवारींमधला सरळ फरक.

‘तीनपट कमी’ मात्र टाळाच. १२ पेक्षा तीनपट कमी म्हणजे १२ वजा ३६ होत नाही आणि सांगायचं असतं ४. त्यासाठी ‘एक तृतीयांश’ किंवा ‘तिसरा हिस्सा’ आहे.

आता सर्वनामं. ‘७ या संख्येत ५ मिळवून तिची दुप्पट करा.’ ‘तिची’ म्हणजे कोणाची? वाक्यात स्त्रीलिंगी एकच नाम आहे, संख्या. त्या हिशेबाने उत्तर १४ यावं, पण मग ५ मिळवायला कशाला सांगितले? प्रश्नकर्त्याच्या मनात ‘बेरीज’ आहे, तीही स्त्रीलिंगी, पण ती वाक्यात नाहीच. त्याला २४ हवेत. ‘७ च्या दुपटीत ५ मिळवा’ असेल तर १९. तीन वाचनं, तीन उत्तरं. उपाय साधा : सर्वनाम काढून नाम लिहावं, ‘आलेल्या बेरजेची दुप्पट करा’. तसंच ‘२० ला अर्ध्याने भागा’ (उत्तर ४०) आणि ‘२० चे अर्धे करा’ (उत्तर १०). इथला ‘ने’ साधनाचा, ‘कशाने भागायचं’ ते सांगणारा. अर्धा हा भाजक आहे, निकाल नाही.

वाटणीच्या प्रश्नांत मराठीकडे एक सुरेख सोय आहे आणि ती पाठ्यपुस्तकी भाषेत फार कमी वापरली जाते. ‘चार मुलांना पाच लाडू दिले’ यात लाडू पाच की वीस, हे ठरत नाही. ‘पाच पाच लाडू दिले’ म्हटलं की वीसच. द्विरुक्तीने ‘प्रत्येकाला’ हा अर्थ आपोआप येतो. एकूण पाचच असतील तर ‘चौघांत मिळून पाच’. ‘प्रत्येकी’ आणि ‘एकूण’ हे शब्दही आहेतच, पण लहान मुलाच्या कानाला ‘पाच पाच’ आधी कळतं.

शेवटचं, दिवसांचं. ‘आज सोमवार, आठ दिवसांनी कोणता वार?’ गणितात मंगळवार. घरात ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की पाहुणा पुढच्या सोमवारी येतो, कारण बोलीतल्या मोजणीत दोन्ही टोकं धरतात. ‘आठवडा’ या शब्दातच आठ आहेत आणि दिवस मात्र सात. ‘पंधरा दिवसांनी’ही असंच, चौदा दिवसांनी. औषधाचंही तेच : सोमवारी सुरू केलेला पाच दिवसांचा डोस शुक्रवारी संपतो, पण ‘सोमवारनंतर पाच दिवसांनी’ म्हणजे शनिवार. प्रश्नात ‘आजचा दिवस न मोजता’ किंवा ‘आजचा दिवस धरून’ हे शब्द घालावेत. हीच गोष्ट झाडांची : १०० मीटर रस्त्याच्या एका कडेला दर १० मीटरवर झाड, तर दोन्ही टोकांना झाडं असल्यास ११, एकाच टोकाला असल्यास १० आणि कुठल्याच टोकाला नसल्यास ९.

मूळ प्रश्न दुरुस्त करून असा लिहावा : ‘सलमाकडे रमाच्या तिप्पट आंबे आहेत’, उत्तर ३६. ४८ हवे असतील तर ‘रमाच्या चौपट’ किंवा ‘रमापेक्षा ३६ ने जास्त’.