स्कूटरवरून गळ, बर्फाची पेटी आणि जिवंत सुंगटं (कोळंबी) गोव्यातल्या चोराव-दिवाडी बेटांकडे कशी न्यायची?

रॉड दोन तुकड्यांचा घ्या. तुकडे पीव्हीसी पाइपात घालून पाइप मागच्या कठड्याला उभा बांधा. आडवा बांधलात तर पणजीच्या गर्दीत कुणाच्या तरी आरशाला लागणारच. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, बाजारातल्या हुकाच्या दोऱ्यांपेक्षा कधीही बऱ्या.

बर्फाची पेटी पायाशी, पण हँडल पूर्ण वळतंय ना ते आधी बघा. चोणक मासा धरायला आमिष म्हणून सुंगटं जिवंत हवीत, म्हणून झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा हवेचा पंप. बादली अर्धीच भरा. फेरीबोटीच्या रॅम्पवर चढताना पाणी हिंदकळलं की तोल जातो.

वाळूत गाडी घालू नका, किनाऱ्यावर बंदी आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः नट-बोल्ट.