शेजाऱ्यांकडचे दोन गिनिपिग घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की शेजारी दोन गिनिपिग जाळीच्या तळाच्या छोट्या पिंजऱ्यात आहेत, एकाचे केस गळतायत, नखं वळलीयेत, आणि ते लोक "हवे तर घेऊन जा" म्हणतायत. तर घेऊन याच, फक्त भांडून नको. मी अशा बऱ्याच जिवांना घरी आणून पुढे चांगल्या घरी दिलंय, त्यात मुद्दाम हाल करणारे मालक फार कमी भेटले, बहुतेकांना विकत घेताना कोणी काही सांगितलेलंच नसतं. ओरडलात तर ते उद्या नवीन जोडी आणतील आणि तुम्हाला कळूही देणार नाहीत.

आणल्यावर रोज किचनच्या काट्यावर वजन करा. मोठ्यांचं साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं, पण आकड्यापेक्षा तो घसरतोय का ते महत्त्वाचं, कारण हे प्राणी आजार लपवतात आणि खाणं थांबलं की एका दिवसातच पोटाचं काम बिघडायला लागतं. मग व्हेटला विचारून सिरिंजने भरवावं लागतं. केस गळणं बऱ्याचदा माइट्समुळे (कातडीतले बारीक किडे) असतं, खाज इतकी की झटके आल्यासारखं अंग वाकडं होतं. कुत्र्या-मांजराचं उरलेलं औषध प्लीज लावू नका, आणि गिनिपिगचा अनुभव असलेलाच व्हेट शोधा, कारण तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिकसुद्धा यांच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारून जीव घेऊ शकतं.

आपल्यासारखंच यांच्याही शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही. ते कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि लोक म्हणतात "म्हातारा झालाय, हलत नाही". रोज सिमला मिरचीचा तुकडा द्या, पाण्यात टाकायचे थेंब नको, त्यातलं व्हिटॅमिन लवकर उडतं. सुकं गवत मात्र रात्रंदिवस समोर हवं, दात आयुष्यभर वाढतात ते त्यानेच झिजतात. जाळीवर मऊ कापड टाका, तळपायांना जखमा होतात त्या फार चिवट असतात.

नर की मादी हे व्हेटकडूनच बघून घ्या!! "दोन्ही माद्याच आहेत" हे मालकाचं म्हणणं कितीतरी वेळा चुकीचं निघतं. ५९ ते ७२ दिवसांत पिल्लं होतात, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी परत गाभण राहू शकते. पिल्लं झाली तर ३ आठवड्यांनी नर पिल्लं वेगळी करायची. तुमच्याकडे आधीचे गिनिपिग असतील तर या दोघांना २-३ आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा.

पुढे देताना जोडी फोडू नका, स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनिपिग पाळायलाच परवानगी नाही. आणि घेणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसाशी बोला, मुलांना हवंय एवढ्यावर देऊ नका, ५ ते ८ वर्षं सांभाळायचंय. शेजाऱ्यांना तब्येत सुधारल्यावर बघायला बोलवा, त्यांच्या पोरांना हाताने गवत भरवू द्या, आणि तेव्हा काय काय बदललं ते सांगा, त्या वेळी ऐकतात लोक.