वाचकांचे प्रश्न : माप कोणाचे?

आपली रीत ती सरळ आणि दुसऱ्याची ती वाकडी, या सवयीबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतली चार निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सुके बोंबील भाजले की वरून तक्रारी येतात. समितीने नोटिशीचा मसुदा केला आहे : ‘सुसंस्कृत वस्तीला न शोभणारे पदार्थ शिजवू नयेत.’ मी समितीवर आहे. सही करू का?
— वाचक, मुलुंड

उत्तर : या मजकुरावर करू नका. तक्रार वासाची आहे आणि मसुदा माणसांची लायकी ठरवतो आहे. आपल्या समूहाची चाल हीच माणसाची सर्वसाधारण चाल असे धरायचे आणि बाकीच्यांना तिच्यावर जोखायचे, याला स्वसमूहकेंद्रितता म्हणतात. विल्यम ग्रॅहम समनर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ही संकल्पना रूढ केली. स्वयंपाकघरात ती फार लवकर दिसते, कारण रोजच्या वासाला नाक सरावते. हिंगाचा, लसणीच्या फोडणीचा वास घरच्यांना जाणवत नाही, पाहुण्याला मात्र दारातच जाणवतो. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचे घर बिनवासाचे वाटते.

मसुद्यात मासळीच्या जागी ‘मिरचीचा खाट’ घालून वाचा. तरीही नियम हवासा वाटला, तर तो वासाचा नियम आहे. नको वाटला, तर तो शेजाऱ्यावरचा नियम आहे.

मग वासाचे काम करा. दोन आठवडे नोंद ठेवा : तारीख, वेळ, वास कोणत्या खिडकीतून आला. वास सगळेच लिहा, फक्त मासळीचे नकोत. बहुतेकदा दोष डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत सापडतो. खालच्या घराचा एक्झॉस्ट पंखा डक्टमध्ये उघडतो, गरम हवा वर चढते आणि वरच्या उघड्या खिडकीतून आत शिरते. पंख्याचे तोंड बाहेरच्या भिंतीकडे वळवता येत असेल तर वळवा. येत नसेल तर नळी लावून ते गच्चीच्या वर न्या. मासळीचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या रसायनाचा असतो. ते अल्कधर्मी असल्यामुळे आंबटाने दबते. कालवणात कोकम किंवा चिंच पडते तेव्हा हेच घडते. तवा आणि ओटा लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पुसला की वास रेंगाळत नाही. डोकी-काटे झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी कचऱ्यात द्यावेत.

नोटीस लावण्याआधी दोन्ही घरांना एकत्र बसवा. आधी कागद चिकटवला की त्या कुटुंबाला तो ‘येथून निघा’ असाच वाचता येतो, आणि मग पंख्याची गोष्ट कोणी ऐकत नाही.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला हा विषय कसा शिकवावा? जात-धर्म काढला की मुले गप्प होतात.
— शिक्षिका, परळ

उत्तर : नकाशापासून सुरू करा. ‘मध्यपूर्व’ हा शब्द फळ्यावर लिहा आणि पृथ्वीगोलावर मुंबईपासून दुबईपर्यंत दोरा धरायला सांगा. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि दुबई ५५ वर, म्हणजे आपल्या पश्चिमेला. पूर्व ही लंडनहून ठरलेली पूर्व आहे. आपले परराष्ट्र खाते ‘पश्चिम आशिया’ म्हणते ते म्हणूनच.

दुसऱ्या तासाला मर्केटर या नकाशाकाराचा जगाचा नकाशा घ्या (१५६९). ट्रेसिंग पेपरवर भारत गिरवून ग्रीनलँडवर ठेवा. ग्रीनलँड कितीतरी मोठे दिसेल. प्रत्यक्षात भारत सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलँड सुमारे २२ लाख. या नकाशात ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते, म्हणून क्षेत्रफळ चौपट दिसते. इथे एक चूक हमखास होते : मुले ‘युरोपने मुद्दाम फसवले’ असा निष्कर्ष काढतात. तो नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेघ होतो, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. शाळेच्या भिंतीवर देशांचे आकार तोलायला तो चालत नाही. केंद्र मुंबईत आणूनही प्रश्न सुटत नाही हेही सांगा. पुराणांतल्या जंबुद्वीपाच्या मध्ये मेरू पर्वत होता, मध्ययुगीन युरोपच्या अनेक नकाशांत जेरुसलेम होते आणि चीन स्वतःला ‘मधले राज्य’ म्हणत आला.

प्रश्न : मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांना धर्मांची नावे का?
— वाचक, गिरगाव

उत्तर : हे जिमखाने म्हणजे एकेका समाजाचे क्लब, आणि मुंबईचे क्रिकेट त्याच वाटण्यांवर उभे राहिले. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि १९३७ मध्ये पाचवा, ज्याचे नाव होते ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू हे सगळे त्यात. या नावाकडे नीट पाहा : ज्यांना आपल्या खणात जागा नाही त्यांना स्वतःचे नावही नाही. याच संघाच्या विजय हजारे यांनी १९४३ च्या मोसमात हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या.

खणाच्या आतही भिंती होत्या. पळवणकर बाळू हा त्या काळचा थोर डावखुरा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण तो चांभार समाजातला. पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले. स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली.

प्रश्न : मालिकेतले मालवणी बोलणारे पात्र विनोदी असले तर काय बिघडले?
— वाचक, लालबाग

उत्तर : एका पात्राने काही बिघडत नाही. पाच भाग बघा आणि वहीत तीन रकाने आखा : बोली, पात्राचा व्यवसाय, हसू कशावर येते. मालवणी, आगरी, कोळी बोलणारे वारंवार गडी, शिपाई, मोलकरीण निघाले आणि डॉक्टर, वकील प्रमाण मराठीतच बोलले, तर हसू वाक्यावर येत नसून उच्चारावर येते आहे. हिंदी पडद्यावरच्या ‘मद्रासी’ला हेच माप लावा. त्या एका शब्दात तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा चार भाषा कोंबल्या जातात. सातारा-कोल्हापूरकडून गिरणीत आलेल्यांना याच शहरात ‘घाटी’ म्हणून हिणवले गेले, आणि लालबागच्या चाळींत त्या शब्दाचा सल अजून ठाऊक आहे.