लास वेगासमध्ये पाय गाऊ आणि बॅकरा खेळायला कुठलं हॉटेल घ्यावं? कॉम्प कुठे बरे मिळतात?

तुम्ही लिहिलंय की चौघं मित्र लॉस एंजेलिसहून गाडीने जाणार, तीन रात्री राहणार, पाय गाऊ पोकर आणि बॅकरा हे पत्त्यांचे खेळ खेळणार, डावाला 25 ते 50 डॉलर लावणार, आणि खोली-जेवण जमेल तेवढं कॅसिनोच्या खर्चाने, म्हणजे 'कॉम्प' म्हणून, हवंय. एवढ्या बोलीला माझं मत सरळ आहे: खेळायला आणि राहायला स्ट्रिपच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याच्या, बाहेरचं हॉटेल घ्या, स्ट्रिप संध्याकाळी फिरायला ठेवा. बेलाजिओ किंवा विनमध्ये बॅकराच्या वेगळ्या खोल्या आहेत, पण तिथे 50 डॉलरवाल्याला कोणी ओळखत नाही. तोच माणूस गोल्ड कोस्ट किंवा पॅलेस स्टेशनमध्ये चार तास बसला तर पिटमधला, म्हणजे टेबलांच्या घोळक्यावर देखरेख करणारा, सुपरवायझर त्याची दखल घेतो.

आधी कॉम्प कसा ठरतो ते बघू, कारण हॉटेलची निवड त्यावरच अवलंबून आहे. तुम्ही जिंकलात की हरलात याच्याशी कॉम्पचा फारसा संबंध नसतो. कॅसिनो तुमचा 'थिओ' काढतो, म्हणजे गणिताने तुम्ही किती हरायला हवं तो आकडा: सरासरी बोली, गुणिले ताशी डाव, गुणिले तास, गुणिले घराचा, म्हणजे कॅसिनोचा, हिस्सा. पाय गाऊ पोकरला 50 डॉलर, ताशी 30 डाव, 4 तास आणि अडीच टक्के धरले तर थिओ 150 डॉलर होतो. यातला साधारण 20 ते 40 टक्के भाग कॉम्पच्या रूपाने परत येतो. म्हणजे चार तासांच्या बैठकीमागे 30 ते 60 डॉलर. दोघांचं जेवण निघेल, सुइट नाही निघणार. त्यामुळे कॉम्प मिळावा म्हणून बोली वाढवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण याच सूत्रात एक फट आहे आणि ती पाय गाऊ खेळणाऱ्याच्या बाजूची आहे. रेटिंगमध्ये, म्हणजे कॅसिनो तुमच्या खेळाची जी नोंद ठेवतो तीत, ताशी डावांचा आकडा बहुधा ठरलेला असतो. प्रत्यक्षात सहाही जागा भरलेल्या टेबलावर, त्यात दोघं नवखे पत्ते लावायला वेळ घेत असतील तर, तासाला 20-22 डावच होतात. म्हणजे तुम्ही कमी डाव खेळता आणि कॉम्प तीस डावांचा मिळतो. शिवाय जवळपास 41 टक्के डाव बरोबरीत सुटतात. प्रत्येकाला दोन हात लावायचे असतात; एक हात जिंकला, एक हरला, पैसे जागेवर. म्हणून कॉम्पसाठी खेळायचं तर भरलेलं, संथ, गप्पा चाललेलं पाय गाऊ टेबल शोधा. रिकाम्या टेबलावर डीलरसमोर एकटं बसू नका.

बॅकरात नेमकं उलटं होतं. मिनी-बॅकराच्या छोट्या टेबलावर पत्ते डीलरच उघडतो आणि गर्दी नसेल तर तासाला दीडशे डावही होतात. 25 डॉलर लावणाऱ्याचा अपेक्षित तोटा तिथे तासाला 41 डॉलरच्या आसपास जातो. मिडी (मधल्या आकाराच्या) किंवा मोठ्या टेबलावर खेळणारा स्वतः पत्ता हातात घेऊन कडेकडेने वाकवत, एकेक टिकली बघत उघडतो. असे 45 डाव झाले आणि डावाला 100 डॉलर लावले तरी तोटा तासाला 50 डॉलरच्या आतबाहेर. म्हणजे चौपट बोली लावूनही जवळपास तेवढाच, आणि सुपरवायझरच्या वहीत मात्र शंभरवाला म्हणून नाव. अर्थात एवढी बोली झेपत असेल तरच. नसेल तर मिनी-बॅकरात दर दोन-तीन डावांनी एक सोडून द्या, कोणी काही म्हणत नाही.

टेबलावर बसण्याआधी फळ्यावरचे नियम वाचा. बॅकरात 'बँकर' आणि 'प्लेअर' ही नुसती दोन हातांची नावं, कुठला जिंकेल त्यावर बोली लावायची. साध्या बॅकरात 'बँकर'वर जिंकलात तर 5 टक्के कमिशन जातं आणि घराचा हिस्सा 1.06 टक्के पडतो. 'प्लेअर'वर 1.24 टक्के. बरोबरीवर आठपट देतात, पण तिथे घर 14 टक्क्यांहून जास्त खातं, त्यामुळे तिकडे बघूच नका. 'ईझी बॅकरा'त कमिशन नसतं. बँकर तीन पत्त्यांच्या सातावर जिंकला तर पैसे न जिंकता न हरता परत येतात, आणि हिस्सा 1.02 टक्के राहतो. हे टेबल चांगलं. दुसऱ्या एका प्रकारात बँकर सहावर जिंकला की अर्धेच पैसे देतात, आणि तिथे हिस्सा 1.46 टक्के होतो. दोन्ही टेबलांवर 'नो कमिशन' लिहिलेलं असतं, म्हणून नुसती पाटी बघून बसू नका. ड्रॅगन सेव्हन, पांडा एट वगैरे बाजूच्या बोली दिसायला गोड, पण साडेसात ते दहा टक्के खातात.

पाय गाऊ पोकरमध्ये 52 पत्ते आणि एक जोकर. सात पत्ते मिळतात, त्यातून मागे पाच आणि पुढे दोन असे दोन हात लावायचे. मागचा हात पुढच्यापेक्षा भारी असायलाच हवा, नाहीतर 'फाउल' होऊन बोली जाते. नवख्यांची जास्तीत जास्त चूक होते ती दोन जोड्यांत. समजा एक्का, राणी, दोन नव्व्या, दोन चव्व्या आणि एक दुर्री आली. इथे दोन्ही जोड्या मागे एकत्र ठेवा आणि पुढे एक्का-राणी लावा. याच हातात एक्क्याऐवजी गुलाम असता तर पुढचा हात फारच लंगडा पडला असता, म्हणून जोड्या फोडायच्या: मागे नव्व्या, पुढे चव्व्या. अडलात तर पत्ते उघडे ठेवून डीलरला 'हाउस वे', म्हणजे कॅसिनोच्या ठरलेल्या पद्धतीने, लावायला सांगा. तो हसत लावून देतो आणि त्यात तुमचं नुकसान नसतं.

पाय गाऊ पोकरमध्ये खरा फायदा आहे तो बँक घेण्यात, म्हणजे डीलरच्या जागी स्वतः सगळ्यांविरुद्ध खेळण्यात, आणि आपल्याकडची मंडळी नेमकी ती घाबरून सोडून देतात. दोघांचा हात तंतोतंत सारखा निघाला तर तो बँकरला जातो. घराच्या फायद्याचा मोठा भाग इथूनच येतो. तुम्ही बँकर झालात की हा नियम तुमच्या बाजूने फिरतो. अट एवढीच की आधीचा डाव तुम्ही डीलरविरुद्ध खेळलेला असावा आणि टेबलावरच्या सगळ्यांच्या बोली भरून देण्याइतक्या चिप्स समोर असाव्यात. पाच जणांनी 50-50 लावले असतील आणि डीलरही तुमच्याविरुद्ध खेळणार असेल तर 300 डॉलर समोर हवेत. चढउतार मोठे असतात, म्हणून त्या बैठकीपुरते वेगळे पैसे बाजूला काढा. कमिशनचं आणखी एक: इथेही जिंकल्यावर 5 टक्के कमिशन जातं, आणि बोली 20 च्या पटीत लावली की ते बरोबर एका डॉलरच्या हिशेबात बसतात. सुट्ट्यांची कटकट नाही आणि वरच्या आकड्याला गोल करून घेणंही नाही. 'फेस अप पाय गाऊ'मध्ये डीलरचे पत्ते आधी उघडतात, कमिशन नाही, हिस्सा 1.81 टक्के. खेळायला सोपा प्रकार, पण बँक मिळत नाही.

फरशांचा मूळ चिनी पाय गाऊ, म्हणजे 32 डॉमिनो आणि प्रत्येकाला चार, हा खेळायचा असेल तर निघण्याआधी फोन करा. ही टेबलं थोड्याच ठिकाणी असतात आणि ठरावीक वेळीच उघडतात. स्विचबोर्डला 'टेबल गेम्स शिफ्ट मॅनेजर' मागा आणि तीन गोष्टी विचारा: आज कुठल्या वेळी उघडतं, मिनिमम किती, खेळाडूला बँक देतात का. वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते.

आता हॉटेलं. गोल्ड कोस्ट फ्लेमिंगो रोडवर, स्ट्रिपच्या पश्चिमेला. आशियाई गिऱ्हाईक तिथलं जुनं, पार्किंग फुकट, आणि बॉइड कंपनीचं असल्यामुळे तेच कार्ड (खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं सभासद कार्ड) ऑर्लीन्सला आणि डाउनटाउनच्या कॅलिफोर्निया हॉटेललाही चालतं. पॅलेस स्टेशन सहारा अॅव्हेन्यूवर, फ्रीवेला लागून. खोल्या झकपक नाहीत असं कोणी म्हटलं तर ऐकून घ्या, तुमचा मुक्काम टेबलावर आहे. तिसरा पर्याय पाम्स, गोल्ड कोस्टच्या शेजारीच. 2022 मध्ये ते सॅन मॅन्युएल या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या जमातीने पुन्हा उघडलं. तुमच्या बाजूचा यामावा कॅसिनोही त्यांचाच, आणि कार्ड एकच. यामावात अधूनमधून जात असाल तर इथे तुम्ही अनोळखी नसता, आणि ही गोष्ट लहान नाही. स्ट्रिपवरच राहायचा हट्ट असेल तर 2021 मध्ये उघडलेलं, मलेशियाच्या गेंटिंगचं रिसॉर्ट्स वर्ल्ड बघा, आशियाई खाण्यासाठी छान आहे.

जाता जाता: नुसत्या आशियाई खेळणाऱ्यांसाठी म्हणून लकी ड्रॅगन नावाचं अख्खं कॅसिनो-हॉटेल 2016 मध्ये उघडलं होतं. त्याचा कॅसिनो जानेवारी 2018 मध्ये बंदही झाला. सजावट चिनी आहे म्हणून खेळणारे येत नाहीत, त्यांना गर्दीचं टेबल लागतं.

तारखा सांभाळा. चिनी नववर्षाच्या आठवड्यात टेबलांवरच्या किमान बोली चढतात आणि खोल्या मोठ्या खेळाडूंसाठी राखलेल्या असतात. जानेवारीतलं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन आणि नोव्हेंबरची फॉर्म्युला वन शर्यत, तेव्हाही तेच. रविवार ते गुरुवार सगळ्यात बरं. खोली कॉम्प झाली तरी रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीभाड्यावर हॉटेल लावतं तो रोजचा आकार, वेगळी लागू शकते, म्हणून बुक करताना 'फीसकट कॉम्प आहे का' असं स्पष्ट विचारा.

कार्ड पहिली चिप घेण्याआधीच द्या, मागून दिलेल्या कार्डावर आधीचे तास चढत नाहीत. पैसे डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवा. सुपरवायझर सुरुवातीचे काही डाव बघून सरासरी लिहितो, म्हणून मोठी बोली लावायचीच असेल तर ती पहिल्या अर्ध्या तासात लावा. उठताना 'माझी सरासरी किती लिहिली आहे?' असं विचारायला लाजू नका. नंतर येणाऱ्या ऑफर दिवसाच्या सरासरी थिओवर ठरतात. त्यामुळे दोन दिवस दणकून खेळून तिसऱ्या दिवशी निघता निघता कार्ड देऊन वीस मिनिटं 15 डॉलरने खेळलात तर तुमची सरासरी तुम्हीच खाली आणता. त्या दिवशी कार्ड खिशात राहू द्या.

चौघांनी चार टेबलांवर विखरू नका आणि चार वेगवेगळ्या हॉटेलांत तर नकोच, कुठल्याच ठिकाणी नाव तयार होत नाही. जेवणखाण खोलीच्या खात्यावर टाका. निघायच्या आदल्या संध्याकाळी होस्टला (खेळाडूंचे कॉम्प बघणारा कॅसिनोचा माणूस) फोन करून 'बिलातलं काय काढता येईल?' असं विचारा. चेकआउटच्या रांगेत उभं राहून विचारलंत तर काउंटरवरच्या मुलीच्या हातात काही नसतं. एका दिवसात 10,000 डॉलरहून जास्त रोख फिरली तर कॅसिनो सरकारला कळवतो आणि ओळखपत्र मागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते चुकवायला रक्कम तोडून आणणं हा गुन्हा आहे.

जेवणाचा कॉम्प गोल्ड कोस्टमध्ये मिळाला तर दुपारी पिंग पँग पाँगला जा, तिथे डिमसम, म्हणजे चिनी मोदकांसारखे छोटे छोटे पदार्थ, मिळतं. चौघांत कोणी शाकाहारी असेल तर प्रत्येक ताटलीला आधी विचारा. नुसत्या भाजीच्या दिसणाऱ्या मोदकातही कोळंबी किंवा डुकराचं मटण निघतं.