फ्लूची लस : दंड ठणकणे म्हणजे आजार नव्हे

प्रश्न : माझे वय ६४ असून मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळीही चालू आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेण्यास सांगितले आहे. परंतु शेजारच्या वहिनींना गेल्या वर्षी लस घेतल्याच्या रात्रीच ताप भरला, त्यामुळे लसीनेच फ्लू होतो असे त्या ठामपणे सांगतात. लस घेताना आणि नंतर नेमके काय होते?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : दंडात दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, निष्क्रिय केलेल्या विषाणूचे अंश तेवढे असतात, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होणे शक्य नाही. शेजारच्या वहिनींना आलेला ताप खोटा नव्हता, पण तो बहुधा शरीराने लसीला दिलेला प्रतिसाद असावा. लस घेतलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते, कणकण वाटते, डोके जड होते आणि एक-दोन दिवसांत हे सारे ओसरते. शिवाय पुरेसे संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून त्या काळात विषाणूची लागण झाली तर खराखुरा फ्लूही होऊ शकतो आणि दोष मात्र लसीच्या माथी मारला जातो.

प्रत्यक्ष इंजेक्शन अर्ध्या मिनिटात उरकते. जाताना सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा कुडता घालावा, कारण घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला करकचते आणि सुई योग्य जागी, म्हणजे खांद्याच्या थोडे खाली असलेल्या जाड स्नायूत, देणे अवघड होते. ज्या हाताने आपण लाटणे फिरवता तो हात सोडून दुसरा पुढे करावा. उपाशीपोटी मुळीच जाऊ नये. आपल्याला मधुमेह असल्याने नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी वेळेवर घेऊनच निघावे. रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने बंद करू नये, मात्र त्याबद्दल परिचारिकेला आधी सांगावे. ती बारीक सुई वापरील. नंतर त्या जागी कापूस न चोळता किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरावा. एवढे करूनही थोडे काळेनिळे पडले, तर घाबरण्याचे कारण नाही.

त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण याच वेळेचा लोक सर्वांत जास्त कंटाळा करतात. लसीची तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ असली तरी ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ सांगावे. तेथे उपचार हाताशी असतात, रिक्षात नसतात. यापूर्वी एखाद्या लसीने असा त्रास झाला असेल, तर ते सुई टोचण्याआधीच सांगणे आवश्यक आहे. त्या दिवशी चांगलाच ताप असेल तर लस काही दिवस पुढे ढकलावी; साध्या पडशासाठी थांबण्याची गरज नाही.

रात्री दंड ठणकेल, त्या कुशीवर झोपवणार नाही. हात अवघडून न ठेवता हलवत राहावा आणि ओल्या गार फडक्याने शेकावे. फारच दुखले किंवा ताप आला, तर पॅरासिटामॉल घेता येते. तापात साखर थोडी वरखाली होऊ शकते, म्हणून दोन दिवस ती घरी तपासत राहावी. ताप तीन दिवसांनंतरही टिकला, तर त्याला लसीचा ताप न मानता डॉक्टरांना दाखवावे.

लस घेतल्यावर फ्लू होणारच नाही, असे मी म्हणणार नाही. मधुमेही व्यक्तीला तो न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, आणि तेथवर जाण्याचा धोका लसीने कमी होतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, हे आपल्या भागातील अनेकांना आठवत असेल. त्या विषाणूचे वंशज आजही हंगामी फ्लूमध्ये आढळतात आणि लसीत त्यांचाही समावेश असतो. विषाणू रूप बदलतो आणि लसीचे संरक्षणही ओसरत जाते, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू बळावतो, तेव्हा मे महिन्यातच ती घेऊन टाकावी आणि घेताना डबीवरील मुदतीची तारीख स्वतः वाचावी.