ठाण्यात रेडीमेड कपड्यांचं दुकान टाकावं का? झुडिओ आणि ऑनलाइनपुढे छोट्या दुकानाचं काही चालेल का?

तुम्ही तपशील दिलाय: घोडबंदर रोडला 250 फुटांचा गाळा, भाडं 60 हजार, हातात 15 लाख, लेडीज वेस्टर्न ठेवायचा विचार. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय, "जुन्या घरगुती दुकानदारांना फॅशन कळलीच नाही, म्हणून ते संपले असं म्हणतात." त्या वाक्यासाठी लिहितेय. नाहीतर लग्नसराईच्या तोंडावर मला फोन हातात घ्यायला फुरसत नसते.

नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान आहे. एकोणतीस वर्षं मी त्या काउंटरला उभी आहे. पोरगी पायरी चढली की ती काय मागणार हे तिने तोंड उघडायच्या आत सांगते. तेव्हा फॅशनचं मला कोणी सांगू नये.

सासऱ्यांनी 1987 ला दुकान काढलं तेव्हापासून आमच्याकडे एक रीत होती. पुरुष खरेदीला जाणार, बायका काउंटर सांभाळणार. गिऱ्हाईक काय मागतं ते आम्हाला माहीत, आणि माल काय आणायचा ते ठरवणार धाकटे दीर. मंगलदास मार्केट असो की उल्हासनगर, भावजी सकाळी निघणार, संध्याकाळी गठ्ठे उतरणार, मी आणि जाऊबाई टॅग लावत बसणार.

फेब्रुवारी 2020 ची गोष्ट. पाडव्याचा माल भरायचा होता. भावजी उल्हासनगरला कॅम्प पाचला गेले. लेडीज जीन्स आम्ही तिथूनच उचलायचो, एका वेळी 60 नग, 385 रुपयांनी. त्या दिवशी कारखानदार म्हणाला, अख्खा लॉट उचला, 340 ला लावतो. भावजींनी उचलला. 240 नग. सगळ्या स्किनी, 28 ते 36, प्रत्येक साइजचे 48.

टेम्पो आला, मी वरचे चार गठ्ठे फोडले आणि विचारलं, "38, 40 कुठेत?"

"सेटमध्ये येत नाहीत."

"आणि 28 चे अठ्ठेचाळीस?"

"वहिनी, नगामागे 45 रुपये सुटलेत. खरेदीतलं तुम्हाला नाही कळायचं."

पाडवा 25 मार्चला होता. देशभरचं लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झालं. तोवर 31 नग गेले होते.

इथे भावजी दोन्ही हात वर करतात. लॉकडाऊन काय आमच्या हातात होतं? नव्हतंच. पण बाकीचा माल कुठे अडला? दुकानं उघडली तसे गाऊन भराभर गेले, घरात बसलेल्या बाईला दुसरं लागतं काय! परकर गेले, लेगिंग गेल्या. जीन्स पोटमाळ्यावरच राहिल्या. पोरी पुन्हा कॉलेजला जायला लागल्या त्या सैल पँट घालून. आधी मॉम फिट, मग वाइड लेग. दीड वर्ष पायजम्यात काढल्यावर स्किनीत शिरायची कोणाची तयारी नव्हती.

2021 च्या दिवाळीआधी जागा हवी म्हणून मी लॉटवाल्याला, म्हणजे न खपलेला माल पडत्या भावात उचलणाऱ्याला, बोलावलं. शिडी लावून गठ्ठे खाली काढले तर प्लॅस्टिक चिकटलेलं, माझे दोन्ही तळवे निळे. लॉटवाला फरशीवर मांडी घालून बसला आणि कमरेची चिठ्ठी उलटून उलटून ढीग लावत गेला. 28 चे 45, 30 चे 41, 32 चे 38, 34 चे 25, 36 चे 14. एकूण 163. पहिल्या ढिगावर हात ठेवून म्हणाला, "ताई, अठ्ठावीसची कंबर आता कोणाची राहिलीय?" 70 रुपयांनी घेऊन गेला, 11,410 रुपये रोख. आम्हाला तो ढीग 55,420 ला पडला होता. म्हणजे खरेदीत 10,800 वाचवले म्हणून पाठ थोपटून घेतली आणि 44 हजार घालवले. वर दीड वर्ष पैसा अडकला तो वेगळा. त्या पैशात मी गाऊनचे किती फेरे फिरवले असते!

आणि हा एक लॉट सांगितला. पोटमाळ्यावर 2013 च्या पटियाला सलवारी होत्या, थंडी न पडलेल्या वर्षीचे स्वेटर होते. ठाण्यात स्वेटर!

तरी भावजी अजून लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात, "झुडिओने आम्हाला खाल्लं." 2013 ला विवियाना मॉल उघडला तेव्हा हेच वाक्य मॉलच्या नावाने होतं. त्याआधी कोरम मॉलच्या. दरवेळी खाणारा बदलतो, पोटमाळा तोच.

झुडिओचं कोडं काही फार अवघड नाही. टाटांच्या ट्रेंट कंपनीने 2016 ला सुरू केलं, मार्च 2025 ला साडेसातशेच्या वर दुकानं झाली होती. सगळा माल स्वतःच्या लेबलचा, त्यामुळे मधला होलसेलवाला नाही, दलाल नाही. जवळजवळ सगळं हजाराच्या आत. ऑनलाइन ते विकतच नाहीत, म्हणजे घरून परत आलेला माल, त्याचं कुरियर, इस्त्री, पुन्हा पॅकिंग, काही नाही. आणि अशा साखळीला ठाण्यात न खपलेली गोष्ट उचलून दुसऱ्या गावच्या दुकानात पाठवता येते. मला पाठवायला पोटमाळ्याशिवाय जागा नाही. फरक तिथे आहे. त्यांच्याही चुका होतात, पण त्यांची चूक साडेसातशे दुकानांत वाटली जाते आणि तुमची 250 फुटांत साठते.

मोठे आहेत म्हणून अमर आहेत असंही नाही हं. 2001 ला सुरू झालेलं बिग बझार आठवा, देशभर पसरलं होतं. कर्ज आणि थकलेली भाडी यात 2022 ला शेकडो दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली.

ऑनलाइनची मला खरं सांगायचं तर भीती वाटत नाही. दुकानाच्या दारात मी शिलाई मशीन टाकलंय, एक मास्टर बसतात. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका ऑनलाइन मागवलेला कुर्ता घेऊन येतात. खांद्यात सैल, दंडात घट्ट, परत पाठवायचा कंटाळा. आल्टर करून द्यायचे 60 रुपये. दुकानाचं लाइटबिल त्यातून निघतं. बसल्या बसल्या त्या परकर बघतात, फॉल बघतात, घेऊन जातात.

आता तुमचा गाळा. लेडीज वेस्टर्न हजाराच्या आत ठेवणार असाल तर नका टाकू. तिथे भावावर तुम्ही साखळ्यांशी लढूच शकत नाही. 2017 ला जीएसटी आला तेव्हा हजारापर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि वर 12 होता, त्यामुळे जो तो हजाराच्या खाली कोंबायला बघत होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ती रेघ 2,500 वर गेली. तिथपर्यंत 5, त्याच्या वर थेट 18. लग्नाचे भारी घागरे ठेवायचे मनात असेल तर हा 18 चा आकडा आधी भिंतीवर लिहा. पण 1,200 ते 2,400 मधले कुर्ता सेट, को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे टॉप आणि पँट), त्यातही 2 एक्सएल ते 5 एक्सएल, तिथे जागा आहे. त्या बायका मॉलमधून रिकाम्या हाताने परततात, मला रोज सांगतात. मापाचा कपडा मिळाला तर भाव करत नाहीत, आणि वर बहिणीला घेऊन येतात. गिऱ्हाइकाने कपडा घालून बाहेर येऊन "थोडं इथे घ्याल का" म्हटलं की टाचण्या घेऊन उभं राहायची तयारी ठेवा.

हिशोबही करून बघा. भाडं 60, एक मुलगी 15, लाइट आणि किरकोळ 6, झाले 81 हजार. सूट वगैरे देऊन विक्रीवर 35 टक्के सुटले असं धरलं तरी महिन्याला 2 लाख 31 हजारांचा धंदा हवा, म्हणजे रोजचा गल्ला साधारण 7,700. एवढा झाला तर तुमच्या खिशात शून्य येईल, कमाई त्यानंतर. पितृपक्षात आणि भर पावसात काय करणार ते बघा.

माल उधारीवर भरू असं डोक्यात असेल तर तेही आता पूर्वीसारखं नाही. पूर्वी या धंद्यात नव्वद-नव्वद दिवस पैसे फिरायचे. आता माल बनवणारा सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. नाहीतर 2024 पासून प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, पैसे द्याल त्या वर्षी धरतात. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या, मी बारावी कॉमर्स आहे.

एक गोष्ट मात्र मघाशीच सांगायला हवी होती. आमचं दुकान पगडीचं आहे, भाडं जवळपास नाहीच. माझ्या जागी 60 हजार भाडं असतं तर त्या जीन्सनंतर मी हे उत्तर लिहायला दुकानात नसते. निम्मं दुकान तरीही भाड्याने द्यावं लागलंच, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. आणि मुलांच्या कपड्यांतलं मला विचारू नका, तो धंदा आम्ही कधी केला नाही.

टाकायचंच ठरलं तर पहिली खरेदी तीन लाखांच्या वर नको, अख्खा सेट कोणी गळ्यात मारला तर दुसरीकडे जा, चार पैसे जास्त देऊन सुटे साइज घ्या. आणि खरेदीला काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाला न्या.

हे उत्तर आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकतेय. भावजी काय लिहिणार ते मला आत्ताच माहीत आहे: "वहिनी, लॉकडाऊन नसतं तर पाडव्याला सगळे नग गेले असते." 38 आणि 40 मात्र तेव्हाही सेटमध्ये नव्हत्या.