दुखणं कधी सुरू झालं, तेही लिहा

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी मेडिकल कॉलेजात जनरल सर्जरीच्या एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील गंगाखेड तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. गरिबांपर्यंत शस्त्रक्रिया वेळेवर का पोचत नाही, यावर संशोधन करायची इच्छा आहे. याला ग्लोबल सर्जरी म्हणतात, हे मला अलीकडे कळलं. आमचे सर म्हणतात, आधी हात बसू दे, असलं संशोधन परदेशात गेल्यावर कर. माझ्याकडे पैसा नाही, ओळखी नाहीत आणि ड्युटीतून डोकं वर काढायला वेळ नाही. सुरुवात कुठून करू? मला ‘तू’च म्हणा.
— एक निवासी डॉक्टर

उत्तर : सरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. हात बसलाच पाहिजे. ज्याला आतडं नीट जोडता येत नाही, त्याने समतेवर लिहिलेलं मी वाचणार नाही. उरलेलं अर्धं मात्र मान्य नाही. ज्या प्रश्नाचा अभ्यास करायला लोक समुद्र ओलांडून येतात, तो प्रश्न दर रात्री तुझ्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरून येतो.

मी तुझ्याएवढी असताना परळीकडचा एक ऊसतोड कामगार पहाटे आला. अडकलेला हर्निया, दोन दिवसांची उलटी, पोट फुगलेलं. हर्निया चार वर्षांचा होता. दर साली तो म्हणायचा, यंदा पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की ऑपरेशन करू. पट्टा पडायचा, हातात काही उरायचं नाही आणि दिवाळीच्या आधी पुढच्या हंगामाची उचल घेतलेली असायची. आम्ही पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. दगावलेल्या रुग्णांचा आढावा घेणाऱ्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये टाक्यांवर चर्चा झाली, अँटिबायोटिकवर झाली, सलाइनच्या हिशोबावरही झाली. त्या चार वर्षांबद्दल कुणीच विचारलं नाही. केसपेपरवर भरतीची वेळ मिनिटासकट होती. दुखणं कधी सुरू झालं, त्याला रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. दर इमर्जन्सी रुग्णामागे पाचच गोष्टी लिहायची : दुखणं कधी सुरू झालं, घरून कधी निघाले, पहिल्यांदा कुणाला दाखवलं, वाटेत कुठे कुठे रेफर झाले, पैसे कशातून उभे केले. नातेवाइकांना ऑपरेशन थिएटरबाहेर, ओटीबाहेर, बसवून ठेवलेलंच असतं. पाच मिनिटं त्यांच्याजवळ टेकायचं. पुढे कळलं की सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूंबाबत हीच मांडणी केली होती : निर्णय घ्यायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. मला वाटत होतं, आमचा सगळा उशीर रस्त्यात असेल. वहीने मला खोटं ठरवलं. बरेच लोक घरातच थांबलेले असायचे, कुणी शेळी विकली जाईपर्यंत, कुणी मोठा भाऊ पुण्याहून येईपर्यंत. आणि जे वेळेत निघाले, त्यातले कितीतरी अशा दवाखान्यात पोचले जिथे सर्जन होता पण भूलतज्ज्ञ नव्हता, किंवा दोघंही होते आणि रक्त नव्हतं.

आता तुझ्या विषयाचे आकडे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या लॅन्सेट कमिशन ऑन ग्लोबल सर्जरीने सांगितलं की जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. त्यांनी एक साधी कसोटी ठेवली. सिझेरियन, पोट उघडून करायची लॅपरोटॉमी आणि उघड्या फ्रॅक्चरवरचा उपचार, ही तिन्ही कामं जिथे होतात ते रुग्णालय दोन तासांत गाठता यावं. नकाशावर ही कसोटी आपले बरेच तालुके पास होतील. पण नकाशाला किनवटच्या तांड्यावरून जुलैत पांदणीने निघालेली बाई दिसत नाही. इमारत दोन तासांवर असते; रात्री अकराला भूल देणारा माणूस किती तासांवर आहे, ते कुणी मोजत नाही. ते तू मोज. तालुक्यातल्या चार रुग्णालयांत महिनाभर रात्री काय उपलब्ध होतं, एवढंच नोंदवलंस तरी तो खरा अभ्यास आहे.

आणि समता म्हणजे फक्त शस्त्रक्रिया वाढवणं, असं समजू नकोस. बीडची गोष्ट आपल्याला माहीत आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. एकाच फडात नवऱ्याचा हर्निया चार वर्षं तसाच राहतो आणि बायकोची पिशवी तिशीत निघते. ऑपरेशनसाठी थांबलं की मजुरी बुडते आणि पाळीच्या त्रासात खाडा झाला तरी बुडते; दोन्हीच्या मुळाशी ही बुडणारी मजुरी आहे. हे एकत्र मांडणारा सर्जन आपल्या मातीतून यायला हवा, म्हणून तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला.

वेळ कुठून काढायचा? डीआरपीचे, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामचे, तीन महिने तुला जिल्हा रुग्णालयात काढायचेच आहेत. बहुतेक मुलं ते विश्रांतीत घालवतात. तू जाण्याआधी एकच प्रश्न पक्का कर, छोटा. ‘मराठवाड्यातील शस्त्रक्रिया सेवा’ असलं काही नको. ‘इथून रेफर झालेल्या पोटाच्या इमर्जन्सी रेफर का झाल्या’ एवढा पुरे. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घे, मगच नोंदी घे. उलटं केलंस तर मेहनत वाया जाईल. आकडेवारीसाठी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात जा. सर्जरीवाले त्यांच्याकडे फिरकत नाहीत, त्यामुळे तिथे तुझं मनापासून स्वागत होईल. सँपल साइज, म्हणजे किती रुग्ण लागतील तो आकडा, त्यांच्याकडून आधी काढून घे, शेवटी नको.

परदेशाबद्दल. फेलोशिप मिळाली तर जरूर जा. बहुदेशीय अभ्यासात तुझं रुग्णालय सामील होत असेल तर हो. चीता नावाच्या चाचणीत भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्ण होते. पोट शिवण्याआधी ग्लोव्हज आणि हत्यारं बदलली तर जखमेतला जंतुसंसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर येतो, असं त्यांनी २०२२ साली दाखवलं. प्रश्न किती साधा आणि उत्तर उद्यापासून आपल्या ओटीत वापरता येईल असं! पण एक काळजी घे. कित्येक वर्षांपूर्वी बाहेरून एक गट आला, आमचे ओटी रजिस्टर महिनाभर उतरवून घेऊन गेला. पेपर छापून आला तेव्हा त्यात आमच्यापैकी कुणाचं नाव नव्हतं आणि निष्कर्षात आमच्या उशिराचं कारण ‘अज्ञान’ असं लिहिलं होतं. अजून ते मनातून जात नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत विचार : प्रश्न कुणी ठरवला, माहिती कुणाकडे राहणार, लेखकांत कोण असणार. उत्तर लेखी घे. परदेशी पैसा किंवा भागीदारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तीही तपास.

आपल्या शेजारच्या खानदेशात, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या जागी आधाराला बसवतात त्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड हर्नियासाठी वापरलं. इतर सर्जनना सोबत घेऊन २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले. २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या चाचणीतही अशी स्वस्त जाळी वर्षभरानंतर महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. दोंडाईचा नकाशावर शोध. मग सरांना सांग.

प्रश्न : मॅडम, मुलगी सर्जन झाली. शिक्षणाचं कर्ज आहे. केजला दवाखान्यासाठी जागा बघून ठेवली, तर ती म्हणते, एक वर्ष संशोधन करायचं. आम्हाला तर कळेनासं झालं. काय करावं?
— एक वडील, जि. बीड

उत्तर : भाऊ, तुमची काळजी खरी आहे, हप्ता कुणासाठी थांबत नाही. सरकारी कॉलेजातून शिकली असेल तर तिला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावीच लागेल. ती उपजिल्हा रुग्णालयात घेऊ द्या. पगार मिळेल, हात चालू राहील आणि तिला जो अभ्यास करायचा आहे त्याचे रुग्ण तिथेच येतील. त्यानंतर फेलोशिप आली तर दरमहा किती मिळणार, ते कागदावर बघूनच हो म्हणा. जागा एक वर्ष थांबेल.

आणि ती कशाचा अभ्यास करणार, ते तिला तुमच्यासमोर बसवून समजून घ्या. तुमच्या गावातून रात्री पोटदुखीचा माणूस न्यायचा झाला तर गाडी कुणाची मिळते, पैसे कोण देतं, कोणत्या दवाखान्यातून परत लावतात, हे तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. तिला वही काढायला सांगा आणि तुम्ही सांगत जा, तासांसकट.